वाशीमच्या दोन खोल्या

१२ ऑगस्ट, मंगळवार

"महिनाअखेरपर्यंत सांगा," पल्लवी म्हणाली. नुसतं एवढंच! आणि पोळपाट घेऊन बसली.

प्रश्न साधा आहे. ती वाशीमच्या एका दवाखान्यात नर्स. सहा वर्षं आमच्या किन्हीराजाहून अपडाऊन करते – पहाटेची बस मालेगावपर्यंत, तिथून दुसरी. परत येते तोवर संस्कृतीचे डोळे मिटायला आलेले असतात. आमची पोरगी चार वर्षांची; आई तिच्या वाट्याला दिवसाकाठी तासभर. आता वाशीमला, गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआऊटमध्ये, दवाखान्यापासून दहा मिनिटांवर दोन खोल्या भाड्याने मिळताहेत. जायचं की नाही?

मी म्हणालो, विचार करू.

"तुमी करा विचार. मी तवरक पोळ्या लाटते."

मी इथल्या हायस्कूलात मराठी शिकवतो. विचार करणं, त्यावर आणखी विचार करणं, आणि शेवटी 'सारांश लिहा' म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं – हाच माझा धंदा. पण या वेळी माझ्याकडे सज्जड कारण आहे. बाबा! आई जाऊन तीन वर्षं झाली. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला या घरात एकटं टाकून जायचं? मुलगा म्हणून मला ते शोभेल का?

हे मी जरा मोठ्याने म्हणालो. बाबा ओट्यावर बसून संस्कृतीला जेवू घालत होते. त्यांनी तिच्यासाठी पुढचा घास कालवला.

१४ ऑगस्ट, गुरुवार

वहीच्या पानाचे दोन भाग केले. एकीकडे 'जावं', दुसरीकडे 'जाऊ नये'. 'जाऊ नये'खाली बाबा, विहारातलं वाचन, शाळेतल्या माझ्या जबाबदाऱ्या, तिकडचं पाणी, तिकडची धूळ, आणि 'शेजारी कसे निघतील कोणास ठाऊक'. पान पुरलं नाही. मागच्या बाजूला गेलो.

'जावं'खाली एकच ओळ – पल्लवीची बस.

पान बघून मला अगदी समाधान वाटलं. याला म्हणतात निःपक्षपाती माणूस!

१७ ऑगस्ट, रविवार

सगळे जाऊन खोल्या बघून आलो. रस्ता अर्धा डांबरी, अर्धा देवाच्या भरवशावर. विजेचे खांब आहेत, झाड एकही नाही. प्लॉटच्या कोपऱ्यांवर पांढरे दगड, मध्ये गुडघाभर गवत. आठदहा घरं उभी, त्यातलं एक मदनसिंग राठोडांचं. हे मूळचे मानोऱ्याकडचे, नोकरीतून निवृत्त झालेले. खाली ते दोघं नवराबायको राहतात, वरच्या दोन खोल्या भाड्याच्या.

बाबा वर गेलेच नाहीत. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उकिडवे बसले, मातीचं ढेकूळ फोडलं, चिमटीत चोळलं.

"काळी हाये. खालवर काळीच. इथं तूर काय झाली असती बाप्पा!"

मी पल्लवीला बाजूला घेऊन हळूच म्हणालो, "बघ. आमच्या बाबांचा जीव इथे रमायचा नाही. मातीतला माणूस."

मातीतला माणूस तोवर मदनसिंगांच्या पडवीत खुर्चीवर बसला होता. तुरीवरून सोयाबीनवर, सोयाबीनवरून गुडघेदुखीवर. तिसरा चहा चालला होता. निघताना मदनसिंग म्हणाले, "काकाजी, पुन्हा या. इथं बोलाले मानूस भेटत नाई."

संस्कृतीने जिना आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. वीस वेळा चढली, वीस वेळा उतरली. परत निघताना तिने जे भोकाड पसरलं ते मालेगावपर्यंत पुरलं.

मी 'जाऊ नये'खाली लिहिलं – जिना, लहान मुलांना धोका.

२० ऑगस्ट, बुधवार

वर्षावास चालू आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, आणि नऊ वर्षं ते मी करतो. दुसरं कोणी वाचतच नाही. म्हणजे मी वाचू देत नाही, असंही काही लोक म्हणतात. मी शब्द सोडवून वाचतो. जागा घेतो. एखादं वाक्य आवडलं की पुन्हा वाचतो. मग त्याचा अर्थ सांगतो. मग तो अर्थ मला कसा सुचला तेही सांगतो.

आज वाचन संपल्यावर सहज म्हणालो, "समजा, मी वाशीमला राहायला गेलो तर?"

विहार एकदम शांत! किती प्रेम या लोकांचं!

पुढे बसलेल्या गोमतीबाई म्हणाल्या, "मंग का सर, रोज साडेसातले सुटी होईन का?"

सगळे हसले. मीही हसलो. हसावंच लागतं.

२३ ऑगस्ट, शनिवार

बाबांना अजून विचारलेलं नाही. उद्या विचारतो.

२४ ऑगस्ट, रविवार

नाही विचारलं. उगाच त्यांच्या मनाला लागायचं. मी हळवा आहे.

२५ ऑगस्ट, सोमवार

मालेगावात पल्लवीची बस चुकली. साडेआठला घरी आली. संस्कृती नुकतीच झोपली होती – "आई आली की उठवा" असं तीनदा सांगून. बाबांनी उठवायला हात पुढे केला, पल्लवीने नको म्हटलं. पिशवी खांद्यालाच होती. पलंगाच्या कडेला तशीच टेकली.

"आज काय केलं तिनं?"

मला विचारत होती. मला माहीत नव्हतं! पाचला शाळा सुटते, मग विहार, मग पारावर चर्चा. बाबांनी सांगितलं – आज तिने स्वतःच्या हाताने वेणी घातली, बाहुलीची. तीन पेडांची. पल्लवी म्हणाली, "तीन पेडांची?" आणि ती बाहुली हातात घेऊन बराच वेळ बघत राहिली.

मला लाज वाटली. खूप वाटली. पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच निर्णय घेतो असं कुठे आहे!

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपतीची सुट्टी. अभ्यास करायचा तर मुळापासून, म्हणून पल्लवीबरोबर बसने वाशीमला गेलो. पल्लवी रोज काय सोसते ते स्वतः अनुभवायचं! हे मी काल चार जणांना सांगूनही ठेवलं होतं.

मालेगावपर्यंत उभा. पुढे जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. एका बाईच्या टोपलीतली कोंबडी पूर्ण रस्ता माझ्याकडे बघत होती. पल्लवी दांडीला हात अडकवून उभ्याउभ्या झोपली! वळणावर पाय आपोआप रुतवते, डोळे मिटलेले. असं झोपता येतं हे मला माहीत नव्हतं. दिवसभर बसस्थानकाच्या बाकावर तिची वाट बघितली. संध्याकाळी तसाच परत. घरी येऊन आडवा झालो तो कण्हतच. पाय सुजले, पाठ धरली, मळमळतंय – सगळं सांगितलं.

"एका दिवसात एवढं? मंग मले तं मेडलच पाह्यजे," पल्लवी म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

विहारात माझ्याऐवजी गोमतीबाईंच्या पौर्णिमाने वाचलं. बारावीतली पोर. लोक म्हणतात, पहिल्यांदाच सगळं समजलं.

आता खरं लिहितो. इथे कोण वाचतंय! बाबा हे कारण नाही, विहार तर नाहीच. वाशीमला गेलो तर ही बस माझी. तिची सुटेल आणि मला लागेल. रोज, उलट्या दिशेने. मला ती बस नको आहे. इतकंच आहे सगळं. बाबांना पुढे करून मी मागे लपलोय, आणि बाबा दिवसभर माझीच पोरगी सांभाळतात. म्हाताऱ्याला कोण बघणार म्हणे! या घरात कोण कोणाला बघतं ते बाहुलीलासुद्धा ठाऊक आहे.

लिहून जरा बरं वाटलं. झोप छान लागेल.

३० ऑगस्ट, शनिवार

पल्लवीला सांगितलं – दिवाळीनंतर बघू. बाबांची मनाची तयारी व्हायला हवी.

"बरं," म्हणाली.

वाद नाही, रडणं नाही! मी उत्तरं तयार करून ठेवली होती, ती वाया गेली. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

३१ ऑगस्ट, रविवार

बाबा, पल्लवी आणि संस्कृती चष्म्यासाठी वाशीमला गेले. मी दुपारभर झोपलो. परत आले तेव्हा चष्मा नव्हताच. "दुकान बंद व्हतं," बाबा म्हणाले. संस्कृती मात्र भलतीच खुशीत. मी फार चौकशी केली नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला दारात टेम्पो. मागे गाद्या, कुकर, दोन ट्रंका. पुढे ड्रायव्हरशेजारी पल्लवी, तिच्या मांडीवर संस्कृती. आणि खिडकीशी, धुतलेलं धोतर नेसून, बाबा!

"बाबा, तुम्ही?"

"पोरीले दिवसा कोन पाह्यनार मंग?" बाबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले शिकवाले तुया मायलेबी वाशीमले राहाचं व्हतं. मी म्हनलं, वावरातलं पीक निघू दे, मंग पाहू. हरेक साली तेच म्हनलं. गेली बिचारी."

किल्ली माझ्या हातात देऊन गेले.

शाळेत गेलो. पहिला तास घेतला, काय शिकवलं आठवत नाही. मधल्या सुट्टीत लक्षात आलं – संध्याकाळी इथून वाशीमकडे बस किती वाजता असते, मला ठाऊकच नाही. पल्लवीला फोन लावला.

"सव्वापाचची हाये," ती म्हणाली. "मालेगावले उतरलं की धावत जा. वाशीमवाली थांबत नाई."