मुलीच्या घरचं पाणी

अंतुर्ली (एदलाबाद),
१९ फेब्रुवारी १९५५

चि. दामोदरराव यांस,
त्र्यंबक नेहेते यांचे अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व कुशल असं लिहून सुरुवात करायची पद्धत आहे. ते वाक्य मी गाळतो. प्रमिला जिवंत आहे, एवढं आधी वाचा. हे पत्र तुमच्याच टेबलावर बसून लिहितो आहे. नाशिकच्या निसर्गोपचार संमेलनातून परत याल तेव्हा विहीणबाई ते तुमच्या हातात देतील. काल तुम्हाला तार केली होती, उत्तर नाही. संमेलनात मौन पाळतात म्हणे, पण तार वाचायला तोंड लागत नाही.

तुमची केळीची बाग झकास आहे. घड चांगले भरलेत. गेल्या साली बागेवर रोग पडला तेव्हा तुम्ही शेतकी खात्याचा माणूस आणवलात, मोरचुदाची फवारणी केलीत आणि त्या माणसाला जेवू घातलंत. केळी निसर्गावर सोडावी असं तुमच्या मनात आलं नाही. ते माझ्या मुलीच्या बाबतीतच आलं.

सातव्या महिन्यात डोहाळेजेवणाला आम्ही आलो होतो, ते आठवत असेल. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून तिला जळगावला न्यायचं ठरवूनच निघालो होतो. तुम्ही मला ओट्यावर बसवून एका विलायती डॉक्टरचं पुस्तक वाचून दाखवलंत. भीतीमुळेच बाईला कळा येतात, दवाखान्यातला फिनेलचा वास आणि लोखंडी हत्यारं पाहून ती भीती वाढते, म्हणून तिनं झाडापानांत, मोकळ्या हवेत बाळंत व्हावं. रानातली हरिणी कुठल्या दवाखान्यात जाते, असंही विचारलंत. तो विलायती डॉक्टर आपल्या बायांना रोज तपासत असेल, हे पान बहुधा तुम्ही उलटलं नाहीत. आणि हरिणी मेली तर तिच्या बापाला कोणी निरोप धाडत नाही, म्हणून तिची उदाहरणं द्यायला सोपी जातात.

शेतात निंदता निंदता बाळंत होऊन पुन्हा विळा हातात घेणाऱ्या बाईचीही गोष्ट सांगितलीत. अशा बाया मला ठाऊक आहेत. बैलगाडीत गोधडीखाली निजवून त्यांना माझ्या दवाखान्यात आणतात.

तिच्या पायांवरची सूज मी त्या दिवशी तुम्हाला दाखवली. जलतत्त्व वाढलंय, असं म्हणालात. मातीचे लेप लावू, मीठ बंद करू. मीठ बंद केलंत ते चुकून बरोबर केलंत. मी आणखी बोलणार होतो, पण प्रमिलाच्या आईनं डोळ्यांनी खुणावलं. जावयाला उलट बोलायचं नसतं. मग विहीणबाईंनी पाणी पुढे केलं आणि तेही मी घेतलं नाही, कारण मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. तुम्ही हसलात. डॉक्टर असूनही हे मानता का, म्हणालात. मी मानत नाही. तिची आई मानते, म्हणून मी पाळतो.

काल सकाळी प्रमिलाचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे दिसू लागले. तुम्ही सांगून गेला होतात म्हणून तिला बागेतल्या कुटीत निजवून कपाळावर माती थापली. मग तिला झटका आला. दुसरा झटका आला तेव्हा विहीणबाईंनी भिकन गड्याला माझ्याकडे पिटाळलं. पहिल्यालाच का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "पोरानं बजावेल व्हतं, डाक्टरले बोलवायचं नाई. त्याचा शबद कसा मोडू?"

मी टॅक्सी करून दुपारी पोचलो. तिची दातखीळ बसलेली होती. इंजेक्शनं देऊन झटके थांबवले आणि चिमटे लावून मूल काढलं. होय, लोखंडीच.

मुलगी होती. रडली नाही. मी खूप खटपट केली, दामोदरराव. हात चालत होते, पण मनातून कळलं होतं. संध्याकाळी भिकननं तिला बागेच्या कडेला पुरलं, तुमची ती औषधाची माती जिथून काढता, तिथेच. तिथली जमीन खणायला मऊ होती, म्हणाला.

तुम्हाला काय काय लिहायचं ते मी मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं बरंचसं वर आलं आहे. उरलेलं प्रमिलामुळे लिहवत नाही. पहाटे शुद्धीवर आली आणि पहिलं वाक्य बोलली ते हे: "अप्पा, यांना रागावू नका. माती ते स्वतः कालवायचे. मला गार लागू नये म्हणून आधी उन्हात ठेवायचे." मला तुमचा संताप येतो, आणि तिला तुमची माया येते. तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

दुसरं वाक्य, "बाळाला आणा ना." बाळ आजीजवळ निजलंय, असं मी सांगून बसलो. इतकी वर्षं बाळंतिणींना अशा बातम्या मीच दिल्या. आज माझी जीभ उचलली नाही.

आज तिला जळगावला नेतो आहे. धोका अजून टळलेला नाही. बायकांच्या मनातली भीती घालवण्याचं शास्त्र तुम्ही शिकला आहात. तर या, आणि तिच्या उशाशी बसून बाळाचं तिला तुम्हीच सांगा. मी खोलीबाहेर थांबेन, आणि तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. हे वचन तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी आहे.

टॅक्सी दारात आली आहे. विहीणबाईंनी आत्ता तांब्या-भांडं आणून समोर ठेवलं. "डाक्टरभाऊ, आता तं घ्या," म्हणाल्या, आणि आपणच रडायला लागल्या. मूल झालं आणि गेलं, तर बापाला पाणी चालतं की नाही, असं त्यांना विचारावं की काय, असं मनात आलं. असल्या गोष्टींना मी जन्मभर हसत आलो.

तांब्या तसाच ठेवून निघतो.

तुमच्या घरी अजून तहानलेलाच,
प्रमिलाचा बाप,
त्र्यंबक नेहेते