राखराणीचे फोटो

३ डिसेंबर

लेकीचा फोन! आईला नव्हे, मला. तिचा ठरलेला फोटोग्राफर आजारी पडलाय, रविवारच्या मेळ्याला मी येईन का? येतो म्हणालो आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं, कसला मेळा ते विचारलंच नाही.

४ डिसेंबर

हिने समजावलं. कॉस्प्ले म्हणे — चित्रकथांतल्या पात्रांचा हुबेहूब वेश करून लोक जमतात, फोटो काढून घेतात. बँकेतली नोकरी सोडून लेक हेच पोशाख शिवते. सोडली तेव्हा मी म्हणालो होतो, चिंध्या शिवायला शिकवलं का तुला? दीड वर्ष झालं. तेव्हापासून माझ्याशी फक्त 'जेवलात का'. घरी आलेली नाही.

माफी मागायची आहे. हिला तसं म्हणालो. तर म्हणते, 'मग मागा की! पासपोर्टचा फोटो आहे का, तोंड मिटून बसायला?'

५ डिसेंबर

कॅमेरा पुसला. परत पुसला.

७ डिसेंबर, रविवार

भलंमोठं सभागृह. दारातच एक ड्रॅगन स्वतःची शेपटी काखेत धरून चहा पीत होता. विचारल्याशिवाय फोटो काढू नये, हात लावू नये, असा फलक होता. ते बरं वाटलं. पण स्टुडिओची तीस वर्षांची खोड जाते थोडीच! एका चेटकिणीला म्हणालो, टोपी मागे घ्या, कान दिसू देत. हसली बिचारी. कान खोटे होते.

लेक राखराणी होणार होती. राखाडी मुखवटा, खांद्यावर काळी पिसं. पात्र मुकं, त्यामुळे मुखवटा चढला की बोलायचं नाही — असा यांचा दंडक. अकरा वाजता मोठ्या खिडकीपाशी भेटायचं होतं. गेलो तर ती उभीच! तीच उंची, तोच बांधा. मी हात केला, तिने मान डोलावली.

काय ते काम! एकेक पीस वेगळं कापलेलं. मी फोटो काढत सुटलो. आणि ती बोलत नव्हती म्हणूनच असेल, मला जमलं. कॅमेऱ्याआडून म्हणालो, 'बाळा, चिंध्या म्हणालो ते चुकलं माझं. इतकं सुरेख काम माझ्या हातून जन्मात झालं नाही. तुझा अभिमान वाटतो मला.'

ती हलली नाही. मग तिने मुखवटा काढला.

कुणीतरी भलतीच मुलगी! डोळे डबडबलेले. म्हणाली, 'काका, सॉरी. मला मध्ये थांबवताच येईना.' राखराण्या चार होत्या म्हणे आज. मला काय माहीत!

मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने लेक आली. शिवण उसवली म्हणून उशीर झाला, म्हणाली. मुखवटा चढवून उभी राहिली. आता तेच सगळं पुन्हा बोलायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडावं? 'हनुवटी खाली.' तासभर तेवढंच बोललो. गाढव आहे मी.

८ डिसेंबर

हिला सगळं सांगितलं. पोट धरून हसली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा तिला. नंबर काढला. लावला नाही.

१० डिसेंबर

फोटो पाठवले. लेकीला तिचे, त्या मुलीला तिचे. लेकीचं उत्तर आलं — 'छान आलेत.' संपलं.

११ डिसेंबर

संध्याकाळी लेक घरी आली! चपला काढता काढताच म्हणाली, त्या दिवशी तिला उशीर झालाच नव्हता. अकराला माझ्या मागेच उभी होती, दोन हातांवर. सगळं ऐकलं तिने.

'मग मला थांबवलं का नाहीस?'

'थांबवलं असतं तर तुम्ही गप्प झाला असता, बाबा.'