मुत्तूला ऐकू येणारं नाव

बोम्मसंद्रा, रविवार

प्रिय संध्याबाळ,

मी फोन उचलत नाही म्हणून रागावली असशील. घसा बसलाय, बोलवत नाही, म्हणून हे पत्र. जन्म कारखान्यात लेथ मशीनवर गेला, अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलो. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तूच सांभाळून घे.

आई बरी आहे. मुत्तूही बरा आहे, शेपूट हलवत असतो. कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, की पळत जाऊन आईच्या गुडघ्याला नाक लावतो आणि तिला आवाजापाशी घेऊन येतो. त्या तापाने तिचे कान नेले तेव्हापासून चारचौघांत बसणंच तिनं सोडलं होतं. दूध करपल्याचा वास आला की मग कळायचं, दाराशी आलेला माणूस तसाच परत जायचा. आता ती पुन्हा घराची मालकीण झालीय.

एक गंमत तुला कधी सांगितली नाही. मुत्तूला शिकवायला येणाऱ्या पवित्रानं विचारलं होतं, "अण्णा, अक्कांना हाक कशी मारता?" मी म्हटलं, "अगं, ऐकलंस का!" पोरगी पोट धरून हसली. म्हणाली, नाव पाहिजे, नाहीतर तुम्ही कुणालाही अगं म्हणालात की हा धावत सुटेल. आता आमच्यात बायकोचं नाव घेतंय कोण? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. पण लाज गुंडाळून ठेवली आणि "धना, धना" करायला लागलो. शेजारच्या सोयराबाई खिडकीतून ओरडल्या, "अण्णा, म्हातारपणी पालवी फुटली की हो!" मुत्तूमागून आई आली. माझ्या ओठांवर स्वतःचं नाव दिसलं तशी पदर तोंडाला लावून आत पळाली. दिसलं खरं, पण त्या उखाण्यानंतर ऐकलं नाही तिनं कधीच. माझ्या तोंडून तिचं नाव ऐकतो तो एक मुत्तू.

हल्ली तोही गोंधळतो. माझा आवाज फाटलाय ना. "धना" म्हटलं की मान तिरकी करून माझ्याकडेच बघत बसतो. टाळ्या वाजवल्या, वाटी आपटून बघितली, तर येऊन माझ्याच गुडघ्याला नाक लावतो. डॉक्टरकडे गेलो तेव्हा आई शेजारीच बसली होती, पण डॉक्टरांच्या तोंडाला मास्क. तिला ओठ वाचता आले नाहीत. बाहेर आल्यावर "काय म्हणाले?" तर मी म्हटलं, "स्वल्प सूज आहे, थोडीशीच. होईल सरी, बरा होईन." तिनं विश्वास ठेवला. माझ्यावर नाही ठेवणार तर कुणावर?

बाळ, ती सूज नाही, कॅन्सरची गाठ आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल म्हणतात, आवाज नाही. आईला कुठं फरक कळणार, असं आधी वाटलं. समोर असली की ओठ हलवीन, ती वाचेल. पण ती चुलीशी आणि मी पलंगावर असलो, तर तिला माझ्यापर्यंत आणणार कोण? म्हणून तू त्याआधीच्या मंगळवारपर्यंत ये. पवित्राला बोलावून मुत्तूला घंटीची सवय लाव. आणि त्याआधी आईसमोर बस, खिडकीच्या उजेडात, आणि सावकाश सांग सगळं. मी दोनदा-तीनदा बसलो तिच्यासमोर. तोंड उघडतो, आणि ती बिचारी माझ्या ओठांकडे बघत थांबून राहते.

मंगळवारपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
आप्पा