झाकलेलं ताट

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे, आई आणि मी. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट चालू, खिडकीतून समोरच डोळ्यांचं हॉस्पिटल. हॉटेलपेक्षा कितीतरी बरं, कारण स्वयंपाकघर आपलं. दोन शेगड्या, दोन ताटं, दोन कप. आईने लगेच सगळे खण उघडून पाहिले आणि सुऱ्यांना धार नाही म्हणून मालकाचा उद्धार केला. बुधवारी तिच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डावा कधीच गेला. आम्ही दोघीही त्याबद्दल बोलत नाही.

किल्ली केअरटेकर बाईंनी दिली. म्हणाल्या, बुकिंग दोघींचं आहे, तर दोघींपुरतंच रांधा. इथे दोनच माणसं राहतात. तिसरं आलं तर एकीला बाहेर जावं लागेल. मी हसून म्हटलं, आमच्याकडे कोण येणार इथे? त्या हसल्या नाहीत.

मंगळवार, ५

आईने सवयीने एका माणसाचं जास्त केलंच. भात आणि बटाट्याची भाजी. जन्मभर ती असंच करते; अवचित कोणी आलं तर उपाशी जायला नको. बाबा म्हणायचे, हिचा पाहुणा एकदा मलाही भेटू दे. घरून आणलेलं, पोचा पडलेलं ताट काढून तिने वाढलं, झाकलं आणि ओट्यावर ठेवलं. मी बाईंच्या बोलण्याची आठवण करून दिली. म्हणाली, तिच्या घरचं खातोय का आपण?

तपासणीहून परतलो तर ताट धुऊन पालथं घातलेलं. दुसरी किल्ली बाईंकडे असणार. खाली जाऊन मी त्यांना चांगलं सुनावलं. त्या एवढंच म्हणाल्या, जेवू घातलंत ना, आता निस्तरा. आणि तोंडावर दार लावलं.

गुरुवार, ७

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी मला बजावलं, औषधाचे थेंब चुकवायचे नाहीत, भलतंसलतं काही डोळ्यात जाऊ द्यायचं नाही. हा गेला तर काही उरत नाही.

आज स्वयंपाक मी केला. मुद्दाम दोघींपुरताच. आईने पातेलं चाचपलं, रागावली, आपल्यातलं काढून ताट वाढलं. मी ते पिशवीत ओतून कचऱ्यात टाकलं. परत आले तर आई म्हणाली, नीट जेवलीस आज, बरं वाटलं.

मी जेवलेच नव्हते.

शुक्रवार, ८

आंघोळ करताना बाहेर आईचा आवाज. माझ्या लहानपणाची गोष्ट सांगत होती, मधे थांबत होती, हसत होती. मी ओल्या केसांनी धावत आले. ती म्हणाली, ठमे, आत्ता तर इथे होतीस, हात किती गार गं तुझे.

स्टुलावर ओल. माझ्या केसांतून अजून एकही थेंब पडला नव्हता.

दुसरीकडे जागा बघितली. उद्या संध्याकाळी एक खोली मिळतेय. तोवर तिला एकटं सोडणार नाही.

शनिवार, ९

थेंबांची बाटली रिकामी. कशी, कळत नाही. काल अर्धी होती. धावत जाऊन हॉस्पिटलच्या दुकानातून नवी आणली. किल्ली फिरते, पण आतून कडी.

बेल वाजवली. आईने विचारलं, कोण? मी म्हटलं, मी, ठमी. ती हसली. आतल्या कोणाला तरी म्हणाली, ठमे, बघ गं, तुझं नाव सांगतंय कोणीतरी.

आणि माझा आवाज म्हणाला, उघडू नकोस.

समोरच्यांनी दार किलकिलं केलं, लावून घेतलं. केअरटेकर बाईंनी मला नखशिखान्त पाहिलं. म्हणाल्या, चौथ्यावर दोघी आहेत, दोघीही घरात आहेत. तुम्ही कोण?

फोन आत राहिला. ही वही पर्समध्ये होती. पायरीवर बसलेय. बाटली मुठीत—

दार हातभर उघडलं. मी पोचेपर्यंत बंद. उंबऱ्यापाशी आमचं ताट. झाकलेलं. आतून आई म्हणतेय, असू दे गं, कोणी का असेना, उपाशी जायला नको.

भात गरम आहे—

दार ठोकतेय, ऐकत नाही ती— आता म्हणतेय, हो, झोपते सरळ, घाल थेंब— आई, औषध माझ्याकडे आहे, आई— म्हणतेय, ठमे, आज हे इतकं जळतंय का गं, थांब, थांब जरा, ठ