चार बोटं कमी

४ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

बाळाचा नवा फोटो पोचला. नाक माझ्यावर गेलंय, त्याबद्दल मी त्याची माफी मागतो.

निवृत्त झाल्यावर शहाणी माणसं आरामखुर्ची घेतात. मी छप्पर काढता येणारी जीप घेतली. डोंगर चढायची गाडी घेऊन हे भाजी आणायला जातात, असं तुझी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आणि ते शंभर टक्के खरं आहे. आता मात्र या गाडीला खरं काम मिळालंय. आजारपणातल्या त्या औषधांमुळे आईच्या अंगावर वर्षभर थेट ऊन नको, असं डॉक्टरांनी बजावलंय. बरं, छप्पर लावावं, तर इस्पितळातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत दीड महिना काढल्यापासून बंद गाडीत तिचा जीव घुसमटतो. परवा चौकापर्यंत गेलो, तर गाडी थांबवायला लावून ती सावलीसावलीने चालत घरी परतली. बाळ पाच महिन्यांचं झालं आणि आजीने त्याला अजून फोटोतच पाहिलंय. मला हे सहन होत नाही.

म्हणून मी जाळी लावायची ठरवलीय. काळी, बारीक विणीची, डोक्यावरच्या लोखंडी दांड्यांना आकड्यांनी अडकवायची. ऊन अडतं, वारा येतो. ताडपत्रीवाल्याकडे शिवायला टाकलीय. मापं अर्थातच मी दिली. चारी बाजूंनी चार बोटं कमी ठेवू का, असं त्याने विचारलं. मी त्याला ऐकवलं, की छत्तीस वर्षं मी मोजणी खात्यात काढलीत, माप म्हणजे माप. बिचाऱ्याने मापं तशीच लिहून घेतली.

वीस तारखेला निघून तुझ्याकडे यायचा बेत आहे. आईला अजून विचारलेलं नाही. आधी जाळी, मग प्रश्न. तूही तिला काही लिहू नकोस.

बाळाच्या नाकाला एक पापा.

तुझा
बाबा

८ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आनंद झाला आणि मापं तुम्ही दिलीत हे वाचून लगेच कपाट आठवलं. माझ्या खोलीसाठी तुम्ही जातीने मोजून आणलेलं कपाट चार वर्षं जिन्याच्या वळणावर उभं आहे. येणारे जाणारे त्यावर हेल्मेट ठेवतात.

आणि मला एक सांगा, जिने तीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला ती बाई घरात असताना कापडाचं माप तिला विचारायचं नाही, हे तुमच्याशिवाय कोणाला सुचेल?

थोडी काळजीची गोष्ट. फोनवर बाळाचा आवाज आला, की आई लगेच दुधाचं, कुकरचं निमित्त काढून फोन ठेवते. तिला यायचंच नाहीये का, बाबा? रागावली असेल तर सांगा. मीच आले असते, पण बाळाला गाडी लागते; अर्ध्या तासातच बेजार होतं, तुमच्याकडे यायला आठ तास.

गाडी हळू चालवा. आम्हा दोघांवरचं प्रेम आहे तसंच राहू द्या.

तुमची
बिट्टी

१३ एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

कपाटाचा विषय काढल्याबद्दल तुझा निषेध. आता जाळीचं ऐक.

जाळी मापात तंतोतंत बसली. तीन तास लागले, दोनदा उलटी लावली, पण बसली. फक्त मध्ये माझ्या पोटासारखी सुटली. म्हटलं, वारा लागला की सावरेल. वारा लागला. चाळीसच्या वेगाला ती फुगून वर गेली, ब्रेक दाबल्यावर खाली आली आणि माझ्या टकलाला चापट्या मारू लागली. चौकात एक आकडा निसटून कपाळावर बसला. लिंबाएवढं टेंगूळ आलंय. शेजारी शाळेची बस उभी होती आणि सगळी मुलं काचेला नाकं लावून बघत होती. चष्म्यावर जाळी आलेल्या माणसाने अशा वेळी काय करावं? मी हात हलवला. मग घरापर्यंत जो कोणी हसला त्याला हात हलवत आलो.

दार आईने उघडलं आणि ती हसत सुटली. दाराला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. इस्पितळानंतर हे हसू मी प्रथमच ऐकलं. मला वाटलं, हीच वेळ आहे. विचारून टाकलं, वीस तारखेला बिट्टीकडे येतेस का? तिचं हसू तिथेच थांबलं. नको म्हणाली आणि आत गेली.

जाळीची घडी करून मी शिवणयंत्रावर ठेवून दिलीय. जमिनीच्या वादात मी कधी हरलो नाही, इथे हरलो. तुला उगाच आशा लावली, याचं वाईट वाटतं.

तुझा
बाबा

२० एप्रिल

चि. बिट्टीस,
अ. उ. आ.

बाबांनी जाळी पहिल्यांदा लावली तेव्हाच मी खिडकीतून बघत होते. ताणून बसवायचं कापड मापापेक्षा कमीच बेतायचं, हे माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवायचे मी. चूक मला दिसली होती, पण मी बोलले नाही. बोलले असते तर जाळी नीट बसली असती, आणि मग न येण्याला माझ्याकडे कारणच उरलं नसतं.

उन्हाचं खरं होतं, घुसमटीचंही खरं होतं. पण माझ्या तोंडावर आजाराचे डाग राहिलेत, बिट्टी. बाळ मला बघून किंचाळलं तर, ही खरी भीती. साठीची बाई पाच महिन्यांच्या पोराला घाबरते, हसायचं असेल तर हस. बाबांना आलेलं तुझं पत्र मी वाचलं; मी रागावलेले नाही. फोनवर त्याचा आवाज ऐकला की रडू येतं, आणि घरचा कुकर दुरुस्तीला टाकून महिना झालाय.

त्या दिवशी तुझे बाबा टेंगूळ घेऊन गावभर हात हलवत आले. माझ्यासाठी हा माणूस इतकं हसं करून घेतो आणि मी आरशावर टॉवेल टाकून बसलेय, याची मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी उसवली आणि चारी बाजूंनी चार बोटं आत घेतली. बाबा टाचण्या धरून शेजारी उभे होते. आता मात्र शेजाऱ्यांना सांगतात, की चार बोटांचा हिशेब त्यांनी आधीच काढला होता.

हे मी गाडीतच लिहितेय. बाबा चाकांत हवा भरून घेताहेत. वारा छान येतोय, जाळी जरासुद्धा हलत नाही, आणि कागदावर उन्हाचे बारीक बारीक ठिपके पडलेत, तेवढं ऊन डॉक्टरांना चालेल. इथून तुझं घर पाऊण तासावर आहे. बाबांचं टेंगूळ अजून हिरवंनिळं दिसतंय. त्यावर त्यांना टोपी घालायची होती, मी घालू दिली नाही. दोघांच्याही तोंडावर खुणा असू देत. कुणाला बघून रडायचं ते बाळ ठरवील.

लोभ असावा, असं दरवेळी लिहिते. या वेळी तो घ्यायला मीच येतेय. हे पत्र तुझ्या हातातच देईन, पण लगेच वाचत बसू नकोस. आधी बाळाला माझ्याकडे दे.

तुझी
आई