मेदिनीचं चतुरंग

म्हैसूर, २ नोव्हेंबर

अण्णास नमस्कार.

नमस्कार वयाला आहे, तुला नाही. फोनवर तुझा आवाज ऐकायची इच्छा नाही, म्हणून पत्र. इकडे सगळं ठीक. तिकडे बंगळूरला ठीक असणारच. माझी मुलगी फितवून नेलीस, आता तुला काय कमी?

तुझ्या योगशाळेच्या जाहिरातीत मेदिनीचा फोटो पाहिला. चतुरंग दंडासन! अर्ध्यावर रोखलेला साधा दंड, तोही असा छापताना लाज कशी वाटली नाही? खांदे कोपरांच्या खाली गेलेत, छाती जमिनीला टेकायला आलीये. कोपरं बरगड्यांना लागून, खांदे कोपरांच्या रेषेत, पोट आत, टाचा मागे रेटलेल्या. अप्पांनी आपल्या दोघांना एकाच सतरंजीवर शिकवलं ना हे? की तू तेव्हा झोपा काढत होतास? असंच करत राहिली तर पोरीचा खांदा जाईल. मग केस विंचरायलाही हात वर जात नाही. मला माहीत आहे.

ती सांगत असेल, अम्माने दोन वर्षं पुढचं आसन दिलं नाही. नाहीच दिलं. अप्पांच्या शाळेत गुरूने दिल्याशिवाय कोणी पुढचं आसन करत नाही. ती बावीस वर्षांची घोडी झाली म्हणून नियम बदलायचा? रोज सकाळी मी म्हणायचे, "मेदिनी, कोपर बघ." आणि ही सगळ्यांसमोर म्हणायची, "बघितलं, अम्मा. कुठे चुकतंय ते एकदा करून दाखव ना."

उद्धट आहे. मामावर, तुझ्यावरच गेलीये.

तेव्हा कोपर चुकत नव्हतं. झालं समाधान?

दोन वर्षं मलाच चतुरंग येत नाही. उजवा खांदा गेलाय. नुसत्या तोंडाने शिकवते आणि कुणाला कळू देत नाही. श्रावणातल्या अमावास्येला शाळा बंद होती, म्हणून एकटीच करून बघत होते. ही टॉवेल विसरली होती, तो न्यायला आली. मी धाडकन छातीवर आपटलेली तिने पाहिलं. हसली असती तर बरं झालं असतं. शेजारी बसून म्हणाली, "गुडघे टेकून कर, अम्मा. त्यात कसला कमीपणा?" हेच मी आजवर शेकडो बायकांना सांगत आलेय. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि तिच्या थोबाडीत मारली. संध्याकाळच्या गाडीने ती तुझ्याकडे आली.

हे तिने तुला सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर एव्हाना फोन करून मला टोमणे मारले असतेस.

तिला परत पाठवू नकोस. करून काय दाखवू मी तिला? पण भराभर आकडे मोजून तिला पळवू नकोस, त्या घाईनेच ती फोटोत इतकी खाली गेलीये. छातीखाली कोपराच्या उंचीची सतरंजीची घडी ठेव, छाती घडीला लागली की तिथेच थांबव. महिनाभर एवढंच. मग पुढचं आसन दे.

कुणी दिलं म्हणून विचारेल. स्वतःचं नाव पुढे करू नकोस. अम्माने दिलं म्हण. द्यायला हवं होतं तेव्हा दिलं नाही, हेही म्हण.

तुझ्यावरचा राग तसाच ठेवून,
सुगुणा