पालथं ताट

१३ जून १९९४

पोचलो एकदाच्या! काचीगुड्याहून निघताना ऑटोत ट्रंक, गादी, अश्विनी आणि मी अशा एकमेकींवर रचल्यासारख्या बसलो होतो. शहर मागे पडलं की नुसत्या खडकांच्या टेकड्या लागतात, आणि त्यातल्या सगळ्यात उंच टेकडीवर ही शाळा. दगडी चर्च, लांबच लांब व्हरांडे, फुलझाडांच्या कुंड्या. निजामाच्या काळापासून सिस्टर लोक इथे मुलींना शिकवतात. मला मॅट्रनची नोकरी आणि अश्विनीला बोर्डिंगसकट फुकट शिक्षण. यांच्या कारखान्याने सगळ्यांना स्वेच्छानिवृत्ती दिली (स्वेच्छा कसली, दारच दाखवलं) आणि हे स्टेशनपाशी एसटीडी बूथ घेऊन बसले. त्या कमाईत असली शाळा स्वप्नातही परवडली नसती. शेजारच्या सुजाताबाई म्हणाल्या, पोरीला आता इंग्रजी आलं नाही तर पुढे विचारणार कोण? खरंच आहे. मी आज फार खूश आहे.

मदर इग्नेशिया इथल्या मुख्य. पंचाहत्तरीच्या असाव्यात. त्यांनी एकच नियम सांगितला: जेवणघरात अश्विनीनेही मला बाकीच्या मुलींसारखं मॅट्रन म्हणायचं. माझं तोंड जरा उतरलं. अश्विनीला मात्र गंमत वाटली, दिवसभर मॅट्रन मॅट्रन करत नाचत होती.

१६ जून

जेवणघर छान आहे. लांब टेबलं, भिंतीवर मेरीची तसबीर, घंटा झाली की सगळ्या उभ्या राहून प्रार्थना म्हणतात. शेवटच्या टेबलाच्या टोकाला एक खुर्ची रिकामी असते आणि तिच्यापुढे स्टीलचं ताट पालथं. मला वाटलं, चुकून राहिलं. मी ते सुलटं केलं आणि भात-वरण वाढलं. स्वयंपाकाची यादम्मा धावत आली, म्हणाली, अम्मा, उसको हाथ नक्को लगाओ. मी हसले. पाहुण्यासाठी ठेवत असतील, या लोकांची काहीतरी रीत असेल. पण आमच्याकडे मांडलेलं ताट रिकामं ठेवत नाहीत, अन्न असून न वाढणं म्हणजे पापच. वर लोणच्याची फोडही ठेवली, माझ्या बरणीतली.

ताटं गोळा करताना ते ताट चाटूनपुसून स्वच्छ होतं. कुणी कार्टीने दुसऱ्यांदा हाणलं असणार. शाबास म्हटलं. आजपासून रोज वाढायचं ठरवलंय.

२९ जून

अश्विनी जेवत नाही. म्हणते, पोट भरलंय. आधी वाटलं, घराची आठवण येत असेल. पण ती रडत नाही, रुसत नाही, अभ्यासही करते. समोर अंडं ठेवा, शिरा ठेवा, नुसती बघत बसते, जसं काही ताट दुसऱ्या कुणाचं आहे. ही पोरगी घरी पापडाच्या डब्यावर डाका घालायची! मी रागावले, मग हातानं भरवलं. तोंडातला घास तिने तसाच धरून ठेवला, गिळलाच नाही.

नर्स सिस्टरने तपासलं. ताप नाही, पोट मऊ आहे. टॉनिक दिलं.

१० जुलै

रविवारची सुट्टी काढून तिला घरी नेलं. यांनी चिक्कडपल्लीहून जिलबी आणली, नवीन आलेल्या परदेशी थंड पेयाची बाटली आणली. तिने कशालाच हात लावला नाही. हे चिडले, मग घाबरले, म्हणाले, परत नेऊ नकोस. मी म्हटलं, दोन दिवसांत भूक लागेल, शाळा बुडवून कसं चालेल. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तेवढ्यापुरती तरतरी आली.

झोपताना तिने सांगितलं की तिला जेवावंच लागत नाही, शेवटच्या खुर्चीवरची मुलगी तिच्या वाटचंही जेवते. आधी त्या मुलीला मराठी येत नव्हतं, आता अश्विनीने शिकवलंय.

मला भीती वाटायला हवी होती. मी तिचं पांघरूण सारखं केलं.

१४ जुलै

मदरना जाऊन सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट वाटलं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणाल्या. एका बोर्डर मुलीने चॅपेलमधला प्रसादाचा पाव चोरून खाल्ला. माफी मागेपर्यंत तिच्यापुढे ताट पालथं ठेवायचं, अशी शिक्षा झाली. तिने माफी मागितली नाही. रोज सगळ्या जेवायच्या आणि ती पालथ्या ताटापुढे बसायची. तिथेच, त्या खुर्चीत गेली. तेव्हापासून तिची जागा मांडतात, तिच्यासाठी प्रार्थना करतात, पण ताट पालथंच. एकदा वाढलं की ती सोडत नाही. आणि जी बाई वाढते, तिच्या लेकराची भूक ती घेते. सिस्टरांना लेकरं नसतात, पण आजवर कुणी ते ताट सुलटं करून बघितलं नव्हतं असंही नाही, म्हणाल्या. एका मॅट्रनने बघितलं होतं.

उपाय एकच. ती खुर्चीत बसून जेवायला मागेल, तेव्हा जिने वाढलं तिनेच ताट पालथं करायचं. तिच्या तोंडावर. नाही म्हणायचं.

मी विचारलं, अन्नाला नाही कसं म्हणू? मदर म्हणाल्या, आम्ही इतकी वर्षं नाहीच म्हणत आलो.

१५ जुलै

ताट रिकामं ठेवलं. पण सुलटं. ती आली नाही.

अश्विनीचे हात थंड. मनगटाभोवती माझी बोटं सहज फिरतात.

१७ जुलै

यांना फोन केला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता दोघी निघा. मी म्हटलं, घरी नेऊन काय होणार, घरीही जेवली नव्हती ना. ते रडले. मला रडू येईना. फोन ठेवल्यावर मी मुलींच्या चादरी मोजायला दिल्या, धोब्याशी हुज्जत घातली. बाई, तुझी पोरगी मरतेय, असं स्वतःलाच मोठ्याने म्हणून बघितलं. काही झालं नाही. मलाही भूक लागत नाही आता. चहाला चव नाही.

यादम्मा माझ्याकडे बघत नाही.

१९ जुलै

अश्विनी शेवटच्या खुर्चीत बसली होती.

मी म्हटलं, तुझी जागा तिकडे. तिने नुसतं बघितलं. मग ताटाकडे. मी हात धरून उठवलं, तर उठली, गुपचूप आपल्या जागी गेली. आपल्या म्हणजे – कोण गेली? मदर म्हणाल्या, आता फार वाट बघायला लागणार नाही. आणि म्हणाल्या, ती तुमच्या पोरीच्याच रूपात येईल, ओळखायला चुकू नका. पोटच्या पोरीने जेवायला मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ती पुन्हा कधीच मागणार नाही.

कसं ओळखू, विचारलं. त्या उठून चॅपेलकडे गेल्या.

२० जुलै

काही खाल्लं नाही. ती. मीही.

हे निघालेत म्हणे. शहरात बंद आहे, ऑटो नाही, बस मिळत नाही –

२१ जुलै, दुपार

जेवणघर. मुली वर्गात. फक्त आम्ही. वही आणली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

अश्विनी शेवटच्या खुर्चीत. स्वतःच येऊन बसली. वेणी मीच घातलेली. गालावर तीळ आहे. असायलाच हवा, बघायचं काय त्यात.

ताट सुलटं. शेजारी भात झाकून ठेवलाय. गरम आहे.

तिने खायला मागितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मॅट्रन, मला भूक लागलीय.

मराठीत. अश्विनीही मॅट्रनच म्हणते इथे. दुसरीलाही मराठी येतं, शिकवलंय –

मी म्हटलं, अशू? तिने मान हलवली. हो अशी. पण कुणीही हलवेल –

पुन्हा म्हणाली. भूक. ओठ सुकलेत. डोळ्यात पाणी आहे. माझ्या डोळ्यात नाही.

एक हात ताटावर ठेवलाय. दुसऱ्याने लिहितेय. भात वाढला आणि ही ती असली तर – पालथं केलं आणि ही माझी असली तर –

हात पुढे केलाय तिने. माझ्या हातावर ठेवला. गरम आहे. अश्विनीचा थंड होता, म्हणजे ही – की बरं वाटतंय तिला म्हणून –

म्हणतेय, आई, वाढ ना

आई म्हणाली. इथे आई म्हणायचं नाही हे माझ्या पोरीला चांगलं माहीत आहे. माहीत असूनही भुकेनं म्हणाली असेल तर. ताट उचललंय. मी